नर्मदेतला गोटा, समुद्रातला चुना

माझ्या मुलाच्या घरी बैठकीच्या खोलीत साडेचारशे लिटरांचा एक समुद्र आहे. घर न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. बाहेर जानेवारीचा बर्फ, आणि आत काचेच्या पेटीत कोमट खारे पाणी, निळसर प्रकाश, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे आणि हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटलेली जांभळी, हिरवी, गुलाबी पोवळी. मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिथे चार महिने राहिलो. त्यातले पाच आठवडे मुलगा कामानिमित्त परगावी होता आणि सूनबाईंना हॉस्पिटलात रात्रपाळी. तेव्हा या समुद्राची राखण माझ्याकडे आणि माझ्या अकरा वर्षांच्या नातवाकडे आली.

जाण्याआधी मुलाने टाकीखालचे कपाट उघडून दाखवले. "बाबा, मासे सोपे आहेत. चिमूटभर खाणं टाकलं की झालं. लक्ष द्यायचं ते इथे."

कपाटाच्या अंधारात दीड हात उंचीचे एक पारदर्शक नळकांडे उभे होते. त्यात पांढऱ्या खड्यांची गच्च भरताड. शेजारी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, त्याच्या डोक्यावर दोन काटेवाली घड्याळे, बारीक नळ्यांचे जंजाळ आणि मांजराच्या घशासारखा घुरघुरणारा एक पंप. "हा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर," मुलगा म्हणाला. रिअ‍ॅक्टर म्हटल्यावर आमच्या सौ.ना थेट तारापूर आठवले. "घरात लहान मूल आहे आणि हे काय रे आणून ठेवलंयस?" असे त्या म्हणाल्या, आणि पुढचे चार महिने त्या यंत्राला 'ते मडके' म्हणत राहिल्या.

मी नंदुरबार जिल्ह्यात तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी नवे यंत्र दिसले की ते खोलून, समजून घेण्याची खोड गेलेली नाही. या मडक्याने मला दिवस पुरवून दिले. शेवटी तर ते मला एडिसनमधून उचलून थेट सातपुड्यात, नर्मदेकाठच्या मणिबेलीला घेऊन गेले. ते कसे, ते सांगतो.

प्रथम पोवळ्याविषयी. आपल्याकडे पोवळे म्हणजे अंगठीतले रत्न. पण समुद्रातले पोवळे, म्हणजे प्रवाळ, हा प्राणी आहे. एकेक जीव तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. तो स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याला शेजारी फुटतो, तोही बांधतो, आणि अशी लाखो घरे एकमेकांना चिकटून झुडपे होतात, गड्डे होतात, शेकडो वर्षांत भिंती होतात. या जिवाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि घरमालकाला भाडे म्हणून त्यातले बरेचसे देते. म्हणून टाकीवर तो निळा दिवा. प्रकाशाने पोट भरते, पण घर बांधायला माल लागतो: कॅल्शियम आणि कार्बोनेट.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. समुद्र अफाट, तेव्हा पोवळ्यांनी कितीही उचलले तरी त्याला कळत नाही. साडेचारशे लिटरांच्या समुद्राला मात्र लगेच कळते. कॅल्शियमच्या बरोबरीने पाण्यातले बायकार्बोनेटही घटते. त्याचे माप 'केएच' नावाच्या अंशांत घेतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, थेंबथेंब रसायन टाकायचे, रंग निळ्याचा पिवळा झाला की थेंब मोजायचे. आमच्या टाकीत हे माप साडेआठ अंशांवर ठेवायचे होते. मडके बंद ठेवले तर ते दिवसाला सव्वा अंशाने उतरते, असे मुलाच्या वहीत लिहिले होते.

मी शिक्षक माणूस, कागद घेऊन हिशेब मांडला. साडेचारशे लिटर पाण्यात सव्वा अंश म्हणजे चुन्याच्या दगडाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे, साधारण दहा ग्रॅम. म्हणजे ती शांत, हलतीही न दिसणारी पोवळी रोज दहा ग्रॅम दगड घडवत होती. महिन्याला तीनशे ग्रॅम, वर्षाला साडेतीन किलोच्या वर. तेवढा दगड रोज कोणीतरी पाण्यात आणून द्यायला हवा. पण दगड पाण्यात विरघळत कुठे?

इथे मी नातवाला स्वयंपाकघरात नेले. आजीच्या पानदानातला चुना अमेरिकेतही आला होताच. चिमूटभर चुना पाण्यात ढवळून ठेवला, वरचे नितळ पाणी अलगद ओतून घेतले. ही चुन्याची निवळी. तिच्यात नळी घालून नातवाला फुंकायला सांगितले. निवळी दुधाळ झाली. हा प्रयोग तुम्ही सर्वांनी शाळेत केला असेल, आणि बहुतेक सर्वजण इथेच थांबले असतील. "अजून फुंक," मी म्हणालो. तो गाल लाल होईस्तोवर फुंकत राहिला, आणि हळूहळू दूध निवळत गेले, पाणी पुन्हा स्वच्छ झाले.

आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने आधी निवळीतल्या चुन्याचे कार्बोनेट केले, म्हणजे दगडाची पूड केली. म्हणून पाणी दुधाळ. वायू आणखी मिळत गेला तसे पाणी किंचित आंबट झाले आणि त्या पुडीचे विरघळणारे बायकार्बोनेट झाले. सोडावॉटरची आंबट चव याच वायूची. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर म्हणजे या प्रयोगाचा दुसरा भाग, दिवसरात्र चालू ठेवलेला.

टाकीतले थोडे पाणी मडक्यात येते. सिलिंडरमधून वायूचे बुडबुडे त्यात सोडतात. ते मोजायला काचेची छोटी कुपी असते: टप, टप, मिनिटाला वीस-पंचवीस. पंप ते पाणी पांढऱ्या खड्यांतून फिरवत राहतो. टाकीतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सव्वाआठच्या आसपास असतो. मडक्यात तो साडेसहाच्या जरा वर आणून ठेवायचा. त्या आंबटपणात खडे विरघळू लागतात, आणि भरलेले पाणी दुसऱ्या नळीने थेंबथेंब टाकीत परतते. आमच्या मडक्यातून मिनिटाला ३० मिलिलिटर पाणी पडे आणि त्याचे माप एकवीस-बावीस अंश भरे. गुणाकार करून पाहिला, दिवसाचे दहा ग्रॅम बरोबर जुळले. हिशेब जुळला की शिक्षकाला जो आनंद होतो तो शिक्षकालाच ठाऊक.

ही युक्ती जर्मनीची. ड्युसेलडॉर्फच्या मत्स्यालयातल्या रॉल्फ हेबिंगहाउस यांनी १९९०च्या दशकात ती पुढे आणली, आणि तिथून ती जगभरच्या हौशी लोकांच्या कपाटांत पोचली. त्याआधी लोक टाकीत चुन्याची निवळीच थेंबथेंब सोडत. आजही सोडतात, किंवा तयार द्रावणे मोजून घालतात. मडक्याचा खर्च आधी फार, नंतर कमी. शिवाय त्यात एक मोठी सोय आहे. ते पांढरे खडे म्हणजे मेलेल्या पोवळ्यांचेच तुकडे. पोवळ्याला जे जे लागते ते ते ज्या प्रमाणात लागते, त्याच प्रमाणात त्यात असते. जुने घर मोडून त्याच विटांनी नवे बांधावे, तसे.

देखभाल मात्र भानगडीची. पाणी परतते त्या नळीचे तोंड चुन्याने बुजत येते. रोज सकाळी मिनिटभर मापात पाणी धरून पाहावे लागते. पंप दोन-तीन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये बुडवावा लागतो. झाकणाच्या रबरी कड्या तपासाव्या लागतात. सामू मोजणारी काचेची कांडी दर महिन्याला पुसून, ठरावीक द्रावणांत बुडवून खरी करून घ्यावी लागते. खडे विरघळत खाली बसतात, तळाशी पिठासारखा गाळ साचतो. नळकांडे एक तृतीयांश रिकामे झाले की धुऊन नवे खडे भरायचे. आणि काहीही बदलले, वायूचा बुडबुडा असो की पाण्याचा थेंब, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन दिवस वाट पाहायची. हा नियम मला फार आवडला.

दुसऱ्या आठवड्यात खडे भरायची वेळ आली आणि बर्फामुळे पार्सल अडकले. नातू मोठ्या उत्साहाने देवघराकडे धावला. सूनबाईंनी मागितले म्हणून मी गावाहून पाच गोटे नेले होते. लालसर, काळपट, एक दुधी, सगळे हातात धरावेसे गुळगुळीत. "आजोबा, हे घालू या? हेही पाण्यातलेच आहेत ना!"

कल्पना वाईट नव्हती, पण आधी परीक्षा. एका बशीत पांढरा खडा, दुसरीत लाल गोटा, दोन्हींवर व्हिनेगर. पांढरा खडा लगेच फसफसला. गोटा ढिम्म. पाच मिनिटे, दहा मिनिटे, नुसता ओला होऊन चकाकत राहिला.

आपल्याकडे उगाच नाही म्हणत, अमका म्हणजे नर्मदेतला गोटा! नदी हजारो वर्षे घासते, तरी तो फक्त गुळगुळीत होतो. कारण तो चुन्याचा नाहीच. सातपुड्याचा काळा खडक म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर झिरपत आलेली सिलिका साठून अकीक, जास्पर अशी रत्नजातीची खनिजे घडली. मणिबेलीच्या खाली गुजरातेत, राजपीपळ्याच्या बाजूला रतनपूरला अकिकाच्या जुन्या खाणी आहेत. असल्या दगडाला वायूचे बुडबुडे काय करणार!

"पण आणले कुठून?" नातवाने विचारले. आणि मला मणिबेलीची गोष्ट सांगावी लागली.

१९८६ सालची गोष्ट. अक्कलकुवा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. मी आणि एक सहकारी मोलगीपर्यंत एसटीने गेलो आणि पुढे डोंगर चढत-उतरत पायी. शूलपाणीची झाडी म्हणून परिक्रमावासी ज्या जंगलाची धास्ती घेत, तेच हे जंगल. उतरता उतरता एकदम नर्मदा दिसली. काठाशी शूलपाणेश्वराचे देऊळ, वर उतारावर तडवींची विखुरलेली घरे, बांबूच्या भिंती, कौले, अंगणात ज्वारी वाळत घातलेली. ज्यांच्याकडे उतरलो त्या बाबांनी संध्याकाळी आम्हाला नदीवर नेले. मी शाळेसाठी दगड गोळा करू लागलो, तर ते हसले. "मास्तर, न्या की. नदीला कमी नाही." तेच हे पाच गोटे. चाळीस वर्षे माझ्या कपाटात होते.

"मग आता पुन्हा आणू. मी पण येतो," नातू म्हणाला.

"आता तो काठ पाण्याखाली आहे," मी म्हणालो.

सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. धरणाच्या सर्वांत जवळचे मणिबेली, म्हणून ते पहिले. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या लोकांनी पावसाळ्यामागून पावसाळे चढत्या पाण्यासमोर बसून काढले. त्या गावाचे नाव जगभर गेले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे असे म्हणणारा जाहीरनामा ४४ देशांतल्या संघटनांनी काढला, त्याचे नावच 'मणिबेली जाहीरनामा'. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली धरणाला वाट मोकळी करून दिली. दरवाजे २०१७ मध्ये मिटले आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले. नवे खाली गोऱ्याला बांधले. काही कुटुंबे वसाहतींत गेली, काही डोंगरात वर सरकून तिथेच राहिली. मणिबेलीच्या पोरांची जीवनशाळा वरच्या उतारावर भरते.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने पोरांना सुचतात तसा आडवा प्रश्न केला. "तिथे चुन्याचा दगड नव्हताच का? समुद्र नव्हताच?"

होता, आणि ही गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडे. लाव्हा येण्याच्याही आधी, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेचा समुद्र आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता, पार मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यापर्यंत. तिथल्या बाघ गावाजवळ त्या समुद्राने मागे ठेवलेला चुनखडक आहे. शिंपले, समुद्री साळू, शंखांसारखे वेटोळे घातलेले जीव त्यात दगड होऊन बसले आहेत. त्यातल्या एका थराला तर भूशास्त्रज्ञांनी 'प्रवाळ चुनखडक' असेच नाव दिले. पुढे कळले की तो बहुतांश पोवळ्यांचा नाही, ब्रायोझोआ नावाच्या दुसऱ्याच वसाहती करून राहणाऱ्या जिवांचा आहे. पण नाव चिकटले ते चिकटलेच. सरदार सरोवराचा पाया खणताना काळ्या खडकाबरोबर लाव्ह्याखालचे असले जुने गाळाचे थरही लागले. म्हणजे मणिबेलीच्या परिसरात आधी समुद्र, मग आग, मग नदी, आणि आता तळे. समुद्र आला-गेला त्याला कोट्यवधी वर्षे लागली. तळ्याला एका माणसाचे आयुष्यही लागले नाही.

पार्सल आले, खडे भरले. आणि मी जरा ढिला पडलो.

सिलिंडरवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा आठशेच्या वर असे. वहीत मुलाने तांबड्या शाईने लिहिले होते: काटा घसरू लागला की सिलिंडर त्याच दिवशी बदला. एका संध्याकाळी काटा पाचशेवर दिसला. मी मनात म्हटले, अर्ध्याहून अधिक आहे, शनिवारी बघू. स्कूटरच्या पेट्रोलचा काटा वाचायची सवय! खरे तर सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा. द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तितकाच राहतो. काटा घसरू लागला याचा अर्थ द्रव संपला, आता फक्त उरलासुरला वायू आहे. हे मी मुलांना शिकवलेले! आणि साध्या रेग्युलेटरची खोड अशी, की सिलिंडरचा दाब पडला की त्याच्या पलीकडचा दाब उलट वाढतो, आणि जाता जाता उरलेला वायू भसकन निघू शकतो.

पहाटे पाचला नातवाने मला हलवून उठवले. "आजोबा, मासे वर आलेत." टाकीतले सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडे काढून धापा टाकत होते. खाली कुपीत बुडबुडे मोजता येत नव्हते, नुसती धार लागली होती. सामू फार उतरला तर वायू आपोआप बंद करणारा एक खटका होता, पण तो ज्या कांडीच्या भरवशावर चाले तिच्यावर चुन्याचे किटण चढलेले. ती पुसायचे काम मी दोन आठवडे पुढे ढकलत होतो. यंत्र ६.६ दाखवत शांत बसले होते. टाकीतल्या पाण्याचा सामू वेगळ्या मापाने पाहिला, तो साडेसातवर उतरलेला.

सिलिंडर बंद केले. टाकीतल्या पंपाचे तोंड वर वळवून पाणी खळाळते केले, म्हणजे वायू निघून जावा. बाहेर उणे आठ तापमान, तरी खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, कारण बंद घराच्या हवेत आमच्याच उच्छ्वासाचा वायू भरलेला. आजी, नातू आणि मी, तिघे शालींत गुंडाळून टाकीसमोर बसलो. सौ.नी एकदाही 'मडके' म्हटले नाही. सात वाजेतो मासे खाली गेले, दुपारपर्यंत सामू आठवर आला. मासे वाचले. पण एका जांभळ्या पोवळ्याची टोके दोन दिवसांत पांढरी पडली आणि आठवड्याभरात ती सारी फांदी गेली. चार वर्षांत वाढलेली होती.

मुलाला फोनवर सगळे सांगितले. तो एवढेच म्हणाला, "बाबा, पहिल्या वर्षी मी आख्खी टाकी घालवली होती." धीर द्यायला म्हणाला, हे मला कळले. माझ्या विद्यार्थ्यांना मीही असेच सांगत असे.

त्या पहाटेपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जो वायू मोजून दिला की पोवळ्याला घर बांधायला माल मिळतो, तोच बेहिशेबी सुटला की त्याचे बांधकाम थांबते. आमची टाकी एका रात्रीत जे भोगून गेली, ते मोठा समुद्र सावकाश भोगतो आहे. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. आपण सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र गिळतो. त्याचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. आकडा क्षुल्लक दिसतो, पण सामूची पट्टी अशी आहे की तेवढ्यात आम्लता तीस टक्क्यांच्या आसपास वाढते. त्यात पाणी तापते, ते वेगळेच. लक्षद्वीपची पोवळी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पांढरी पडली. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याखाली पोवळी आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. त्या पाण्याला खिडकी उघडून देता येत नाही.

वाचकांपैकी कुणाला अशी टाकी करावीशी वाटली, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात २००१ पासून भिंती बांधणारी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. आपल्या समुद्रातून ती काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. मुलाच्या टाकीतली पोवळी घरगुती कलमांची आहेत. जास्वंदीची फांदी लावावी तशी पोवळ्याची फांदी तोडून दगडाला चिकटवतात आणि हौशी लोक आपसांत वाटतात.

पण खड्यांचे काय? हा प्रश्न माझा नाही, नातवाचा. मुलगा परत यायच्या आदल्या दिवशी आम्ही मडके पुन्हा उघडून धूत होतो. त्याने एक पांढरा तुकडा उजेडात धरला. त्यावर चांदण्यांसारखी बारीक भोके होती. एकेका भोकात एकेक जीव राहून गेलेला.

"आजोबा, हे कुणाचं तरी घर होतं ना?"

"होतं."

"मग वरची पोवळी वाढतात, ती या घरातून."

मी काही बोललो नाही. वर दिव्याखाली सारे सुंदर दिसते, पाहुणे येऊन वाहवा करतात. खालचे कपाट कोणी उघडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते बाबा आले, नदीला कमी नाही म्हणणारे. सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. आमच्या गावच्या घरातला पंखाही त्यावर कधीतरी फिरला असेल. कालवे गुजरात ओलांडून राजस्थानपर्यंत गेले आहेत, आणि तहानलेल्या गावांना पाणी मिळाले हेही खरेच आहे. पाणी नको, वीज नको, असे मी म्हणत नाही. मीही मडके चालवलेच की. माझे म्हणणे एवढेच, की रोजच्या दहा ग्रॅमांचा हिशेब ठेवणाऱ्याने ते कुठून येतात हेही वहीत लिहावे.

ते काम नातवाने केले. मुलाच्या वहीत पाच रकाने होते: तारीख, केएच, कॅल्शियम, सामू, बुडबुडे. त्याने पट्टीने सहावा आखला, वर मराठीत 'उरलेले' असे लिहिले. तिथे रोज मडक्यातल्या खड्यांची उंची सेंटिमीटरमध्ये मांडायची. ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते. निघताना पाच गोट्यांतला लाल गोटा मी त्याला दिला. त्याने तो देवघरात ठेवला नाही. खालच्या कपाटात, मडक्याशेजारी ठेवला.

परवा फोनवर त्याला विचारले, "काय रे, मडकं कसं आहे?"

"छान आहे," तो म्हणाला. "आज एकतीस उरलेत, आजोबा. आणि तुमचा गोटा तेवढाच आहे."